यादीत आपलं नाव

गुप्त संघटना म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तळघर, मेणबत्त्या, काळे झगे, अंगठीवरची खूण. 'दा विंची कोड' वाचल्यावर तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना प्रत्येक चित्रात काही ना काही दडलेलं दिसायला लागलं होतं!

आमच्या टीममधला एक जण फावल्या वेळात गेमसाठी गोष्टी रचतो. ऐरोलीच्या ऑफिसात, कॅन्टीनमध्ये डबे उघडले की त्याचं सुरू होतं. त्याची हल्लीची गोष्ट अशी : एक गुप्त संघटना आहे. तिला देवांना गादीवरून खाली ओढायचंय. मारायचं नाही हं, कामाला लावायचंय. पावसाच्या देवाकडून हवी तेव्हा धरणं भरून घ्यायची, धनाच्या देवाला अकाउंट्समध्ये बसवायचं आणि सगळ्याचं बिल माणसांकडून वसूल करायचं.

"म्हणजे स्टार्टअपच की रे!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या डोक्यात वेगळीच मंडळी होती. देवाधर्माविरुद्ध कट करणारे म्हणून ज्यांच्याकडे लोकांनी बोट दाखवलं, अशी एक खरीखुरी गुप्त संघटना आपल्या मुंबईत होऊन गेलीय. गेले काही महिने मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. का, ते पुढे सांगते.

तिच्या गोष्टीत तळघर नाही, झगे नाहीत. पाव आहे. आपला साधा पाव.

पावाचा तुकडा

साल १८४९. संघटनेचं नाव परमहंस सभा. कुणी परमहंस मंडळीही म्हणतं. परमहंस म्हणजे जातपात, सोवळंओवळं या सगळ्याच्या पलीकडे पोचलेला संन्यासी. इथे मात्र संन्यासी कुणीच नव्हतं. होते ते नोकरदार, मास्तर, शिकणारी पोरं. म्हणजे त्या काळातले तुम्ही-आम्हीच! इंग्रजी शिकलेली पहिली पिढी, पहिल्या पिढीचा पगार, आणि घरात एक, बाहेर एक असं जगणं.

यामागचं मुख्य डोकं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं. हो, तेच ते व्याकरणवाले. १८३६ मध्ये त्यांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक निघालं आणि पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणायला लागले. भाषेच्या नियमांची एवढी काळजी घेणारा माणूस समाजाचे नियम मोडायला निघाला, याची मला फार गंमत वाटते. आधी सुरतेला शाळेत असताना, १८४४ मध्ये, दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली होती. तिथे भुताखेतांच्या आणि मंत्रतंत्राच्या दाव्यांना चक्क आव्हान दिलं जायचं. मुंबईतल्या सभेचे अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. विचारांचा पाया मात्र दादोबांचा. देव एकच. माणसाची जात एकच. विचार करायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला. ज्ञान सगळ्यांना.

आज हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं आणि आपण न वाचता पुढे जातो. तेव्हा यासाठी दार लावून घ्यावं लागत होतं.

सभासद कसं व्हायचं? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. ज्याच्या हातचं पाणी आपल्या घरात चालत नाही अशाच्या हातचं पाणी प्यायचं. जात मानणार नाही असं वचन द्यायचं. झालात सभासद! मग मराठीत प्रार्थना, चर्चा, पुन्हा प्रार्थना. आणि मग एकेक करून आपापल्या घरी, आपापल्या जातीत परत.

आता गंमत बघा. वाशी स्टेशनबाहेर आपण संध्याकाळी उभ्या उभ्या वडापाव खातो, तेव्हा मनात फक्त एवढंच येतं की चटणी तिखट आहे की नाही. तोच पाव १८४९ मध्ये माणसाला जातीबाहेर काढायला पुरेसा होता. पाव म्हणजे बाटणं. तो तुकडा तोंडात टाकताना त्यांना काय वाटलं असेल? घास गिळताना आईचा चेहरा दिसला असेल का? मला वाटतं, दिसलाच असेल.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. ही माणसं नास्तिक नव्हती. त्यांची सभा प्रार्थनेनं सुरू व्हायची आणि प्रार्थनेनंच संपायची. त्यांना देव नको होता असं नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये उघडलेलं काउंटर नको होतं. आमच्या गेमवाल्या मित्राच्या गोष्टीत देवांच्या शक्तीवर धंदा करणारे खलनायक गुप्त आहेत. खऱ्या आयुष्यात असा धंदा उघडच चालत आलाय, आणि त्याला विरोध करणाऱ्यांनाच लपावं लागलं. अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध कायदा व्हायला महाराष्ट्रात २०१३ साल उजाडलं. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं स्वतःच्या नावानं, दिवसाढवळ्या झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात गोळ्या घालून खून झाला. उघड बोलण्याची किंमत १८४९ मध्येच राहिली, असं कुणी समजू नये.

वही

लपायचं कारण आज पटकन लक्षात येत नाही. 'वाळीत टाकणं' हा आपल्यासाठी नुसता वाक्प्रचार झालाय. तेव्हा त्याचा अर्थ रोजच्या जगण्यात होता. न्हावी येणार नाही, भटजी येणार नाहीत, पंगतीत पान मांडलं जाणार नाही, बहिणीला स्थळ येणार नाही. आणि घरात कुणी गेलं, तर खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत.

ही भीती हवेतली नव्हती. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री नावाच्या एका लहान ब्राह्मण मुलावरून मुंबईत रान पेटलं होतं. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला, म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? त्याला शुद्ध करून घ्यावं म्हणून उभे राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनाही स्वजातीचा रोष ओढवून घ्यावा लागला. एका पोराच्या जेवणाखाण्यावरून एवढं, तर मोठ्या माणसांनी ठरवून खाल्लेल्या पावाचं काय झालं असतं?

म्हणून बेत असा, की गुपचूप वाढायचं. आपण पुरेसे झालो की एकदम उघड व्हायचं. एकट्याला वाळीत टाकता येतं, शेकडोंना कसं टाकणार? कागदावर बेत बरोबर होता. मुंबईबाहेरही सभेला माणसं मिळाली.

पण ही सगळी शिकलेली, ऑफिसात कारकुनी केलेली माणसं. आणि कारकुनी डोकं काय करतं? नोंद ठेवतं! सभासदांच्या नावांची वही होती. १८६० च्या सुमारास ती वही चोरीला गेली. नावं फुटली. कोण कुणाच्या पंक्तीला बसलं, कुणी काय खाल्लं, हे बाहेर येणार म्हटल्यावर सभा बघता बघता मोडली. अकरा वर्षांची संघटना एका वहीसरशी संपली.

ना पोलीस आले, ना तुरुंग, ना दंगल. फक्त यादी.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये रूममेट झोपलेली, आणि मी हॉलमध्ये फोनचा ब्राइटनेस कमी करून बसलेली. काही वेळ फोन पालथा ठेवून दिला. कारण ती वही माझ्या ओळखीची होती.

आमचं लंच टेबल

सांगते. आमच्या लंच टेबलावर सहा जण असतो. डबे मधोमध. कुणाच्या डब्यात सुकट, कुणाच्या थालीपीठ, कुणाच्या सांबार-भात. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही, कारण ऑफिसात आडनावं ईमेल आयडीवरच छापलेली असतात. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही बोलत नाही. सव्वा एक ते दोन. पंचेचाळीस मिनिटांची परमहंस सभा!

दोन वाजता सभा संपते. मग भाड्याने फ्लॅट शोधताना एजंट फोनवर विचारतो, "मॅडम, तुम्ही लोक कोण?" 'कोण' या शब्दावरचा जोर ज्याला कळायचा त्याला बरोबर कळतो. बरं, हे शहर म्हणजे आखून काढलेलं. सिडकोने १९७० नंतर सेक्टर पाडले, त्यांना नंबर दिले. कुठला वाडा नाही, कुठली आळी नाही. नव्या शहरात जुनी भिंत कशी येईल, असं वाटतं. येते. ती आपण गावाहून बॅगेत घालून आणतो.

आणि आमच्या टेबलावरचा सहावा माणूस. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते लिहायचं की नाही हे त्यानं ठरवायचं. पाच वर्षं आम्ही बरोबर आहोत. ट्रान्स हार्बरच्या एकाच लोकलनं येतो, पण डबे वेगळे. माझं गाव सातारा जिल्ह्यात. तिथल्या लोकांसाठी तो 'ऑफिसातला एक जण' आहे. त्याच्या घरच्यांसाठी मी 'टीममधली एक'. माझी जात आणि त्याची जात सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की माझ्या आज्जीच्या माजघरात त्याच्या आज्जीला पाणी मिळालं नसतं. तिला वरून, लांबूनच ओंजळीत ओतलं असतं.

त्याच्या हातचं पाणी मी पाच वर्षं पितेय. दार लावून.

तेव्हाचे यूजरनेम

सभा मोडल्यावर त्या माणसांचं पुढे काय झालं, हे मी हावरटासारखं वाचत गेले. आपल्या भविष्याची पत्रिका बघावी तसं!

एक लक्षात आलं. त्या पिढीला टोपणनावांचं भारी वेड. दादोबांचे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये इंग्रजी पेपरात कंपनी सरकारचे वाभाडे काढले. खाली सही 'एक हिंदू'. दादोबांचं 'धर्मविवेचन' १८४३ मध्ये लिहून झालं होतं, छापून आलं १८६८ मध्ये. पंचवीस वर्षं कपाटात! आणि छापलं तेव्हाही लेखक कोण, तर 'एक जगद्वासी आर्य'. तुकाराम तात्या पडवळांनी १८६१ मध्ये जातिभेदावर 'जातिभेद विवेकसार' लिहिलं, तेही 'एक हिंदू' याच नावानं. सगळे आपापल्या यूजरनेममागे. आज निनावी अकाउंटवरून क्रांती करणाऱ्यांना हसावंसं वाटतं, तेव्हा हे आजोबा लोक आठवावेत.

सभेतल्या बाबा पदमनजींनी मात्र लपणं सोडलं. १८५४ मध्ये ते उघड ख्रिस्ती झाले. विधवांच्या हालांवरची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी त्यांनी १८५७ मध्ये लिहिली ती स्वतःच्या नावानं, आणि पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलं.

बाकीच्यांपैकी काही जण १८६७ मध्ये पुन्हा एकत्र आले. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते. ३१ मार्चला प्रार्थना समाज स्थापन झाला आणि लवकरच न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं त्यात आली. गिरगावात ज्याच्या नावाचा बसस्टॉप आहे तोच हा समाज. एका रविवारी मी मुद्दाम चर्नी रोडला उतरून तिथवर चालत गेले. मूर्ती नसलेलं प्रार्थनामंदिर, आणि बाहेर गिरगावची ठरलेली गर्दी. बसमधून उतरणाऱ्या एकालाही त्या नावात एका फसलेल्या कटाचा पुढचा अंक आहे, हे ठाऊक असेल असं वाटलं नाही.

पण इथे एक मेख आहे. हा समाज उघड होता. वही चोरीला जायची भीती नव्हती. आणि उघड होताना त्यांनी एक अट सोडून दिली : पावाची. जात मोडलीच पाहिजे, घरातली पूजा बंद झालीच पाहिजे, असा आग्रह समाजानं सभासदांना धरला नाही. बंद दाराआड पूर्ण समता होती, पण ती कुणाला दिसत नव्हती. दार उघडलं तेव्हा लोक दिसले, पण समता अर्धीच बाहेर आली.

यात कुणाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये भाषणाला गेलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. नुसता चहा! गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. पुन्हा यादी! टिळक आणि रानडे, दोघेही त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पुढे हायकोर्टाचा जज्ज झालेल्या माणसाची कपभर चहासाठी ही गत, तर साध्या कारकुनाचं काय घेऊन बसलात?

मग असं कुणी नव्हतंच का, ज्यानं सगळंच उघड्यावर केलं? होतं ना. आणि तारखा बघितल्यावर माझ्या अंगावर काटा आला. १८४९ मध्ये मुंबईत ही मंडळी दार लावून पाव खात होती, त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंना शाळा चालवतात म्हणून घर सोडावं लागलं. मुंबईची मंडळी वेगळ्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी दाराआड प्यायली. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौदच अस्पृश्यांसाठी खुला केला. पडवळांच्या त्या निनावी पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये काढली तीही जोतीरावांनीच. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो सगळ्यांसमोर. आणि १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसमवेत, भर दिवसा, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. जुने देव मानणार नाही, हे त्यात स्वच्छ शब्दांत होतं. कुजबुज नाही, टोपणनाव नाही.

यावरून मी एक हिशेब मांडलाय, पटतो का बघा. ज्यांच्याकडे जपण्यासारखी जागा होती, त्यांनी बंड लपून केलं. ज्यांना ती जागा कधी मिळालीच नव्हती, त्यांना लपण्यात काही मिळणार नव्हतं. लपणं हीसुद्धा एक चैन आहे. आमच्या दोघांतही हे असंच आहे. "तू घरी कधी सांगणार?" हा प्रश्न पाच वर्षांत त्यानं मला दोनदाच विचारला. मला तो रोज ऐकू येतो.

तीस दिवस

आता मुद्द्याचं. आम्ही लग्न करतोय. आळंदीला जाऊन नाही, देवळात हार घालून नाही, विशेष विवाह कायद्याखाली. १९५४ चा कायदा. जात, धर्म कुठला का असेना, दोघंही आहेत तसेच राहून लग्न करू शकतात. दादोबांच्या 'माणसाची जात एकच' या वाक्याच्या सगळ्यात जवळ जाणारा सरकारी फॉर्म मला तरी हाच वाटतो.

फक्त त्यात एक कलम आहे. लग्नाच्या आधी नोटीस द्यायची. ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावतात. तीस दिवस. त्या मुदतीत कुणीही आक्षेप घेऊ शकतं. आक्षेपाची कारणं ठरलेली : वय कमी आहे, आधीचा जोडीदार हयात आहे, मानसिक स्थिती संमती देण्याजोगी नाही, जवळचं नातं आहे. जात हे कारण नाही. पण आक्षेप घ्यायला कारण लागतं, घरी येऊन धिंगाणा घालायला लागत नाही.

आणि पुढचं कलम माझ्यासाठी खास. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. म्हणजे माझं नाव एकदा ठाण्याला लागणार आणि एकदा साताऱ्याला. वडिलांचं नाव, पत्ता, सगळ्यासकट. शेजारी त्याचं नाव. आडनावासकट.

१८६० ची वही कुणीतरी चोरली होती. माझी वही सरकार स्वतः भिंतीवर लावणार!

ही नोटीस नसावी असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि ते बरोबर आहे. पळून आलेल्या पोरीसाठी ते तीस दिवस म्हणजे जिवावरचा खेळ असतो. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ मध्ये कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद असलेला. गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातूनच कितीतरी आल्या होत्या. बेलापूरहून तासाभरावर! तेव्हा कुणी लपून लग्न केलं, तर मी त्यांच्या बाजूनं साक्षीदार म्हणून सही करीन.

पण माझ्यापुरतं बोलायचं तर माझ्या जिवाला धोका नाही. माझे बाबा हात उगारणारे नाहीत. नोकरी आहे, पगार आहे, डोक्यावर छप्पर आहे. धोक्यात आहे ती बाबांची गावातली मान, धाकट्या बहिणीची दोन स्थळं, आणि दिवाळीला त्या घरात जायचा माझा हक्क. हे थोडं नाही. परमहंस सभेच्या लोकांचंही साधारण एवढंच पणाला लागलं होतं. मरण नाही, मान. आणि मान जाईल या भीतीनं किती काय काय थांबतं!

दादोबांची मंडळी 'पुरेसे झालो की उघड होऊ' म्हणत थांबली. मीही असंच थांबले होते. बहिणीचं लग्न होऊ दे, बाबा रिटायर होऊ देत, आज्जी... असलं वाक्य पूर्ण करायचं नसतं. 'पुरेसं' काही येत नाही हो. त्यांच्यापाशी पुरेसे लोक जमले नाहीत, आपल्यापाशी पुरेशी वेळ जमत नाही. ती अकरा वर्षं वाया गेली असंही नाही. तिथे पाव खायची सवय लागली, म्हणून पुढे प्रार्थना समाज उभा राहिला. बंद खोलीत तालीम करता येते. पण तालमीच्या हॉलमध्ये कायमचं राहता येत नाही.

म्हणून गेल्या रविवारी फोन केला. नोटीस साताऱ्याला लागायच्या आधी बाबांना ती माझ्या तोंडून कळावी, एवढंच ठरवलं होतं. आधी आईशी बोलले. ती म्हणाली, "तू त्यांनाच सांग बाई, माझ्या तोंडून नको." मग बाबा आले. मी सगळं सांगितलं. त्याचं नाव, आडनाव, गाव, पाच वर्षं, ठाण्याचं ऑफिस, तीस दिवस, साताऱ्याला जाणारी प्रत. वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवली होती, मराठीत, शुद्धलेखन तपासून. दादोबांच्या वळणावरच गेले म्हणायची!

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

मग त्यांनी विचारलं, "ती नोटीस कुठं लावतात? बाहेरच्या फळ्यावर का आतल्या?"

"मला माहीत नाही, बाबा. सगळ्यांना दिसेल अशी लावतात, एवढंच माहितेय."

"बरं," ते म्हणाले. "मंगळवारी माझं साताऱ्याला काम आहे. बघून येतो फळा कुठाय ते."

ते नोटीस फाडायची जागा हेरून ठेवणार आहेत, की ती वाचायला जायची, हे मला त्या आवाजावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही. सोमवारी आम्ही फॉर्म भरतोय. नाव लिहायच्या रकान्यात पूर्ण नाव लिहायचंय, ठळक अक्षरांत.